रुमालाखालचा हात

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्यतृतीया, जवळ आली की आमच्या बैलबाजाराला एक वास सुटतो. कडुनिंबाचा मोहर गळून लिंबोळ्या धरलेल्या असतात, त्यांचा कडवट वास वरून येतो. खालून शेणाचा, कडब्याच्या धुळीचा आणि शिंगांना चोपडलेल्या तेलाचा. ऊन चढलं की हे सगळे वास एकमेकांत मिसळतात आणि नाकात घर करून बसतात. मला तो वास आवडतो. त्याच वासावर मी घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली. यंदा मात्र तो वास आला आणि त्याच्या मागोमाग उजव्या मनगटाच्या आत, घड्याळाच्या पट्ट्याखाली, ओळखीची खाज आली.

मी घड्याळ काढून पाहिलं. रुपयाएवढा लाल चट्टा, कडेला बारीक पुळ्या. घड्याळ पुन्हा बांधलं, नेहमीपेक्षा एक भोक घट्ट, आणि बायकोकडे पाहिलं. सुमन ताक करत होती. तिचं लक्ष नव्हतं. बरं झालं. तिने पाहिलं असतं तर तिसऱ्या मिनिटाला तिच्या बहिणीला, धुळ्याला, फोन गेला असता आणि चौथ्या मिनिटाला बहिणीच्या नवऱ्याला कळलं असतं. तो माझा साडू, मधुकर. आणि मला नेमकं त्यालाच कळू द्यायचं नव्हतं.

गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवला की मला आधी हात आठवतात. माझे नव्हे, इतरांचे. चहाचा कप धरणारे, तंबाखू मळणारे, बैलाच्या पाठीवरून सरळ फिरणारे हात. त्या पाच-सहा महिन्यांत मी माणसाच्या तोंडाकडे पाहतच नव्हतो. समोरचा बोलत असायचा आणि मी त्याच्या मनगटाची कातडी पाहत बसायचो. काही न करता त्याला ती मिळाली होती. धुवावी, पुसावी आणि विसरून जावी अशी कातडी. त्याला ती आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. याचा मला राग यायचा.

आमच्या धंद्यात हात म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. मी जामनेरचा, बैलांचा दलाल. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जातो. कुठलं बोट दाबलं, पेर दाबलं की सगळी मूठ आवळली, त्यावर आकडा ठरतो. वर दोघंही आभाळाकडे बघत पोराबाळांच्या गोष्टी करतात आणि खाली हात भांडत असतात. कडेला दहा माणसं उभी असली तरी त्यांना फक्त रुमाल हललेला दिसतो. भाव दुसऱ्याच्या कानावर गेला की सौदा मेला. म्हणून जो रुमालाखाली हात देतो, तो विश्वास देतो. आणि जो म्हणतो, तोंडाने सांगा, तो तुम्हाला बाजाराबाहेर काढतो.

माझा बाप दुसऱ्यांची गुरं चारायचा. मी बाजाराच्या हौदावर लोकांच्या जनावरांना पाणी पाजता पाजता ही बोटांची भाषा शिकलो. मला कुणी गुरू नव्हता, कुणाची ओळख नव्हती, जमीन नव्हती. हा एक उजवा हात होता. बोदवड, सावदा, वरखेडी, धुळे, सगळ्या बाजारांत त्याला ओळखायचे. डोळे मिटून लोक सांगायचे, हा नानाचा हात.

त्याच हाताला गेल्या वर्षी होळीनंतर खाज सुटली. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग तळव्याच्या मागे, मग मनगटावर, कोपरापर्यंत, आणि एक दिवस आंघोळ करताना कळलं की पाठीवरही आहे. लाल चट्टे उठायचे, खाजवलं की फुटायचे, फुटले की आग व्हायची आणि वाळले की पुन्हा खाज. दुपारी लू सुटली की असं वाटायचं, कातडीच्या आत कुणीतरी वाळलेला कडबा कुस्करून भरला आहे.

सांगणारे पुष्कळ. कुणी म्हणालं केळीचा चीक लागला. कुणी म्हणालं बोअरचं पाणी बदललं. एकाने कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळ सांगितली, ती मी महिनाभर केली. मला पाहून बकऱ्या मान वर करायच्या. जळगावच्या कातडीच्या डॉक्टरांनी आधी खरूज धरली आणि घरातल्या सगळ्यांनी गळ्यापासून तळपायापर्यंत मलम लावायला सांगितलं. सुमनने लावलं, पण मलम लावताना जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठ दिवसांनी तिची कातडी होती तशी आणि माझी होती तशीच. मग रक्त तपासलं, पाठीवर पट्ट्या चिकटवून पाहिल्या. काही निघालं नाही.

"जनावरांशी संबंध येतो का?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. हो म्हटलं असतं तर धंदा सोडा म्हणाले असते, आणि तो सौदा मला परवडत नव्हता. त्यांनी गोळ्या पंधरा दिवस सांगितल्या, मी म्हणालो दहा करा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "इथे घासाघीस चालत नाही हो." आणि वांगं बंद, आंबा बंद, मासे बंद, लोणचं बंद. जळगावच्या माणसाला भरीत बंद! बाहेर ओट्यावर तुराट्यांच्या जाळात शेजाऱ्याची वांगी फुटत होती आणि मी आत मुगाच्या वरणाकडे बघत होतो. त्या शेजाऱ्याशी मी पुढे दोन महिने बोललो नाही. त्याचा काही दोष नव्हता, पण तो बोटं चाटून खात होता.

डॉक्टरांच्या बाकावर बसलो की शेजारच्याला विचारायचो, तुम्हाला काय? एकजण म्हणाला, नायटा. एक बाई म्हणाली, सोरायसिस. किती सहज सांगायचे. त्यांच्या दुखण्याला नाव होतं, नावाला औषध होतं, औषधाला मुदत होती. मला त्या नायट्यावाल्याचा हेवा वाटला, हे आज लिहिताना लाज वाटते, पण वाटला. पाचव्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "काही वेळा कारण सापडत नाही. आपण खाज कमी ठेवायची, एवढंच. पण लागण होणारं नाही, हे नक्की." मी म्हणालो, ते लिहून द्या. त्यांना हसू आलं, पण दिलं लिहून. तो कागद मी घडी करून खिशात ठेवला.

तो पहिल्यांदा काढला सावद्याच्या बाजारात. फैजपूरकडचे एक म्हातारे बागायतदार आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांना त्या दिवशी एक पांढरी जोडी पसंत पडली होती. मी खांद्यावरचा रुमाल काढला, निळ्या काठाचा, हातावर टाकला आणि हात पुढे केला.

आबांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाना, रुमाल राहू द्या. तोंडानेच सांगा."

"आबा, इतक्या वर्षांत कधी तोंडाने बोललो आपण?"

"आज बोलू. त्यात काय एवढं!"

मी कागद काढला. "हे बघा. डॉक्टरांनी लिहून दिलंय. लागत नाही हे."

"मी कुठे म्हणतो लागतं?" आबा कागदाकडे न बघता म्हणाले. "माझा चष्मा घरी राहिला. तुम्ही सांगा ना तोंडाने."

मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "नानाच्या हाताला सुतक आलंय." पाच-सहा माणसं हसली. मी मागे वळून जे ओरडलो, त्याने एक गोऱ्हा दावं तोडून पळाला. तो पकडायला सगळे धावले आणि त्या गडबडीत आबा निघून गेले. रुमाल माझ्या हातावर तसाच होता. खाली एकच हात.

त्यानंतर मी मधुकरला बोलावलं. मधुकर तेव्हा धुळ्याला मालाची गाडी चालवायचा, आमचीच जनावरं पोचवायचा. सासरी खाटेवर बसून मीच त्याला बोटं शिकवली होती, गंमत म्हणून. त्याला म्हणालो, माझा हात म्हणून बाजारात उभा राहा. बैल मी बघीन, भाव मी ठरवीन, तू फक्त रुमालाखाली हात घाल.

मधुकरचे हात! स्टेअरिंग धरून धरून माणसाचे हात राठ होतात, याचे झाले नव्हते. लांब बोटं, स्वच्छ नखं, पालथ्या हातावर एक ओरखडा नाही. पहिल्या बाजारात त्याने तीन जोड्या काढल्या. दुसऱ्यात पाच. मी पाच पावलांवर, लिंबाच्या सावलीत, हात खिशात घालून उभा. माझ्याशेजारी एक म्हैस खोडाला पाठ घासत होती, डोळे मिटून, सावकाश, कुणाची भीड न धरता. तिचाही हेवा वाटला. आणि समोर मधुकरचा रुमाल हलत होता. खाली काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी रुमालाबाहेरचा माणूस होतो.

तिसऱ्या बाजारापासून लोक मला नमस्कार करून त्याच्याकडे जायला लागले. चौथ्यात एकाने मला विचारलं, "मधुकरभाऊ कुठे आहेत?"

मधुकरभाऊ. माझ्या बाजारात.

आखाजीला आम्ही दोघं साडू सासरी गेलो, धुळ्याजवळच्या खेड्यात. अंगणात झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरींची गाणी चाललेली, चुलीवर उलटं खापर आणि त्यावर सासूबाई टाकतात त्या परातीएवढ्या पुरणपोळ्या. त्या घरात एक रीत पडली होती. मोठा जावई म्हणून आंब्याचा रस मी काढायचो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. पाण्यात भिजवलेले आंबे एकेक घेऊन हाताने माचवून मऊ करायचे, देठ काढून पिळायचे, कोय पातेल्याच्या काठावर निपटायची. कोपरापर्यंत पिवळा व्हायचो आणि मेहुण्या हसायच्या.

मी बाह्या सरसावल्या, पाटावर बसलो. सुमन माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "तुम्ही राहू द्या. मधुकरभाऊ काढतील."

"का?"

"तुम्हाला आंबा बंद आहे ना."

"खायला बंद आहे. पिळायला नाही."

 आजूबाजूला बघितलं तर सगळं घर कशात ना कशात गुंतलेलं. सासूबाई खापराकडे, मेहुणी झोक्याकडे, पोरं आंब्यांकडे. मी उठलो. मधुकर माझ्या पाटावर बसला. त्याची ती लांब बोटं आंब्यावर फिरायला लागली आणि रस खाली पडायला लागला, जाड, केशरी, आवाज न करता. पोरांनी त्याच्या कोपरावरून ओघळ बोटाने टिपून खाल्ला. माझ्या पाठीवर, जिथे हात पोचत नाही तिथे, अशी खाज उठली की मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिलो. त्या म्हशीसारखा. पण डोळे मिटले नाहीत. मी ते हात बघत होतो.

जेवणानंतर तो अंगणातल्या लिंबाखाली माझ्याजवळ येऊन बसला. वरखेडीला एक लाल जोडी पाहून ठेवली होती, त्याबद्दल विचारायचं होतं त्याला.

"भाऊ, मी कितीवर यावं तिथे?" म्हणाला, आणि आजूबाजूला सगळे ऐकताहेत असं बघून खांद्यावरचा रुमाल काढला. "बठ्ठा ऐकी राहिनात. हात द्या, भाव दखाडस तुमले."

त्याने रुमाल माझ्या मांडीवर पसरला आणि खालून हात पुढे केला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. फुटलेल्या, ओल्या, मलम लावलेल्या बोटांना. मी हात असा मागे ओढला की रुमाल मातीत पडला.

"दया दाखवायची असेल तर गाईला दाखव," मी म्हणालो. "आणि बाजारात कोणी सांगितलं माझ्या दुखण्याचं, तेही मला ठाऊक आहे."

तो उठला. मग रुमाल उचलून झटकला आणि झोक्यांकडे निघून गेला. वरखेडीची जोडी त्याने स्वतःच्या हिशेबाने काढली, आणि मी काढली असती त्याहून चांगली काढली. त्यानंतर तो माझ्यासाठी उभा राहिला नाही. त्याने गाडी विकली आणि स्वतःचा धंदा सुरू केला. वर्षभर मी सांगत फिरलो की साडूने माझा बाजार खाल्ला. हात मीच ओढला होता, तेवढं सांगायचं राहून जायचं. आणि बाजाराला कोणी कशाला सांगायला हवं होतं? चट्टे कोपरापर्यंत होते. लोकांना डोळे होते.

भादव्यात खाज गेली. जशी आली तशीच. एके सकाळी उठलो आणि लक्षात आलं की आपण रात्रभर झोपलो. कातडी आधी काळी पडली, मग कोंडा गळाला, मग आतून पहिल्यासारखी कातडी निघाली. डॉक्टर म्हणाले, छान. मी म्हणालो, कशाने गेली? म्हणाले, सांगता येत नाही. घरात तोवर माझे कपडे वेगळ्या दोरीवर वाळायचे. कोणी काही न बोलता ते पुन्हा सगळ्यांच्या दोरीवर आले. सुमनने माझ्यासाठी पहिलं भरीत केलं, शेंगदाणे, कांद्याची पात घालून. मी इतकं खाल्लं की ती म्हणाली, आता पोटाचा डॉक्टर बघायला लावाल.

हात बरा झाला, पण बाजार परत आला नाही. रुमालाखाली लोक हात द्यायचे, पण हलका. पाहुण्याला द्यावा तसा. फैजपूरचे आबा भेटले की चौकशी करायचे, "आता कसं आहे?" आणि बैल मधुकरकडून घ्यायचे.

आणि यंदा आखाजीच्या तोंडावर पुन्हा हा चट्टा.

बाजाराच्या दिवशी बायकोला न सांगता, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटावर घड्याळ आवळून मी सावद्याला गेलो. एका ओळखीच्या शेतकऱ्याला जोडी हवी होती. त्याने बाजारभर फिरून जी पसंत केली, ती नेमकी मधुकरच्या दावणीची. आखाजीच्या त्या दुपारनंतर आम्ही समोरासमोर उभे राहिलो नव्हतो.

"या भाऊ," तो म्हणाला.

मी बैलांचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला. उन्हाने घाम आला होता. घामाने पट्टा ढिला होऊन सरकला होता, बाही वर गेली होती. खाली वाकून खूर सोडला आणि उठलो, तर मधुकर माझ्या मनगटाकडे बघत होता. चट्टा उघडा पडला होता. माझं घड्याळ चट्ट्याच्या खाली, हातावर लोंबत होतं.

त्याची नजर तिथे जेवढा वेळ होती तेवढ्यात मी सगळा उन्हाळा पुन्हा पाहिला. पाठीमागे नेलेले आबांचे हात. पातेल्यात पडणारा रस. वेगळी दोरी. माझा शेतकरी शेजारी उभा होता, आणखी चार-पाच दलाल उभे होते. मी वाट बघत होतो त्या शब्दांची. तोंडाने सांगा भाऊ. म्हण एकदा. म्हण, म्हणजे मला तुझा मनासारखा राग करता येईल.

मधुकरने हात लांबवला आणि माझ्याच खांद्यावरचा निळ्या काठाचा रुमाल ओढून घेतला. आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. आणि खाली माझा हात धरला, पंज्यात पंजा, अंगठा थेट मनगटावर, चट्ट्यावर.

"पाऊस यंदा लवकर म्हणतात," तो आभाळाकडे बघत म्हणाला आणि खाली माझं मधलं बोट असं दाबलं की मी चमकलो. असला भाव! चोर कुठला! मी त्याचं बोट मोडेल असं पिळलं. त्याने सोडवून घेतलं आणि पुन्हा तेच दाबलं. मी एक पेर चढलो. तो हलला नाही. मी आणखी अर्धं पेर चढलो. त्याने माझ्या तळव्यावर बोट असं फिरवलं की त्याचा अर्थ एकच, घरी जा म्हाताऱ्या.

"मंगला कशी आहे?" मी दात आवळून त्याच्या बायकोची चौकशी केली.

"बरी शे. भाऊ, हळू. बठ्ठा बाजार देखी राहिना."

सगळा बाजार बघत होता आणि बराच वेळ आम्ही असे उभे होतो. मी त्याला शिकवलेल्या सगळ्या खोड्या त्याने माझ्यावर केल्या आणि वर दोन स्वतःच्या केल्या, ज्या मला येत नव्हत्या. ती बोटं मऊ नव्हती. वर्षभर मी लांबून बघून ज्यांच्यावर जळलो, त्यांना आतून घट्टे होते, गाठी होत्या, एका नखाजवळ दाव्याने कापलेली जुनी खूण होती. मी धरल्याशिवाय मला ते कसं कळणार होतं? आणि त्याने मला एक पेरही सोडलं नाही. आजारी माणूस म्हणून नाही, मोठा साडू म्हणून नाही. एक पेरही नाही.

मी हात झटकला. "ठेव तुझी जोडी! असल्या भावात मी हत्ती घेईन!"

"हत्तीबी बांधेल शे, भाऊ. देखाना का?"

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मी चिडलो होतो. शेतकऱ्याला घेऊन चार पावलं गेलो. मनात त्या दोन नव्या खोड्या घोळत होत्या. कुठून शिकला? कोणी शिकवल्या? मला का सुचल्या नाहीत? मग खांदा उघडा वाटला आणि लक्षात आलं की रुमाल मागेच राहिला.

वळून बघतो तर मधुकर त्या रुमालाने तोंड पुसत होता. आधी कपाळ, मग गळा, मग मानेच्या मागे, सावकाश. पुसून झाल्यावर त्याने तो झटकला नाही, धुवायला टाकायचा असल्यासारखा बोटांच्या चिमटीतही धरला नाही. उघड्या मानेवर टाकला आणि बैलांना पाणी दाखवायला वळला.

"माझा रुमाल दे," मी ओरडलो.

"ऊन भलतं शे, भाऊ," तो मागे न बघता म्हणाला. "राहू द्या जराखा."

मनगट खाजत होतं. मी ते शर्टाच्या बटणावर घासलं, सगळ्यांसमोर, आणि तिथेच उभा राहिलो. त्याच्या मानेवर निळा काठ दिसत होता. माझ्या खांद्यावर तो रुमाल असा कधी शोभला नव्हता. हे मी त्याला सांगणार नाही.